एक जूनच्या मुली

आमच्या बीड जिल्ह्यात एकतीस मे हा निरोपसमारंभांचा दिवस असतो. एकेका शाळेतून दोन-दोन, तीन-तीन मास्तर त्या दिवशी निवृत्त होतात आणि केजच्या बाजारात हार मिळत नाहीत. कारण सोपं आहे. आमच्या पिढीतल्या बऱ्याच लोकांचा जन्म एक जूनचा आहे. बाप पोराला घेऊन शाळेत यायचा, मास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप म्हणायचा, "दुष्काळ पडलता, त्याच्या दुसऱ्या सालचा," आणि मास्तर जूनची पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे. मीही एक जूनचीच. माझे अब्बा केजला ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. इंजिनाचं वय त्यांना नुसत्या आवाजावरून सांगता यायचं, माझं सांगता यायचं नाही. त्यामुळे यंदाच्या एकतीस मेला मी अठ्ठावन्न वर्षांची होऊन निवृत्त झाले हे कागदावर. खरी किती वर्षांची होऊन झाले, ते मला माहीत नाही.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "शेख मॅडम, मुलींच्या क्रिकेटवर लिहा. उसाच्या फडातून मैदानात, असं काहीतरी उमेद देणारं." मी हो म्हटलं. मुली मैदानात आल्या हे खरंच आहे. पण फड काही कुठे गेला नाही, आणि मला लिहायचं आहे ते त्याबद्दल.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमचं गाव युसूफ वडगावच्या बाजाराला जाणारं. दसरा झाला की गावातली बरीच घरं ऊसतोडीला निघतात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात, आणि अक्षय तृतीयेच्या सुमाराला परत येतात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून नेऊन गाडीत भरते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घ्यायला तयार नसतो. लेकरं आईबापाबरोबर जातात, नाहीतर गावात राहतात. राहणाऱ्यांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह असतं. दोन वर्गखोल्या, सतरंज्या, एक स्वयंपाकीणबाई. अट एकच, लेकराचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात पाहिजे.

क्रिकेटचा हंगामही नेमका तोच. म्हणजे माझा संघ कोण खेळणार हे मी ठरवत नसे, मुकादम ठरवायचा. भाद्रपदात माझ्याकडे सोळा मुली असायच्या, दिवाळीला नऊ. मग मी गावात हिंडून दोन मुलींच्या आज्यांना पटवायची. एक आजी म्हणाली होती, "पोरगी ठिवते म्याडम, पन चड्डीवर न्हाई पळायची." आमच्या मुली सलवारीवर खेळल्या, आणि तालुक्यात पहिल्या आल्या तेव्हा त्याच आजीने मला नव्या ट्रॅक पँटचं विचारलं.

मला स्वतःला क्रिकेट येत नव्हतं. मी खो-खोवाली. शाळेला एकदा क्रीडासाहित्य आलं, तीन बॅटी आणि पॅडची एकच जोडी. मुलांनी महिन्याभरात दोन बॅटी मोडल्या. तिसरी मी कपाटात कुलूप लावून ठेवली आणि मुलींना दिली. खेळणाऱ्या दोघी एकेक पॅड बांधायच्या, डाव्या पायाला. आमची काळी माती उन्हाने भेगाळते, तिच्यावर चेंडू कुठेही उडतो. म्हणून ओढ्याकाठची पांढरी माती आणून पट्टी केली आणि वर काथ्याची मॅट अंथरली. रोलर माझ्या भावाने, सलीमने, डांबराच्या पिंपात सिमेंट ओतून करून दिला. तो ओढायला आठ मुली लागायच्या. कुणी रुसली, की तिला रोलरच्या मधल्या दांड्याला लावायची, दोन फेऱ्यांत रुसवा जायचा.

आणि एक गोष्ट त्यांना शिकवावी लागलीच नाही, ती म्हणजे फेक. ज्वारी राखताना गोफण फिरवलेले हात होते ते. सीमारेषेवरून चेंडू सरळ यष्टिरक्षकाच्या हातात. आमची यष्टिरक्षक यास्मिन ग्लोव्हजच्या आत हातरुमालाच्या घड्या घालायची, तरी ओरडायची, "आश्वे, जरा हळू की गं!"

आश्वी म्हणजे अश्विनी. हे सगळं लिहायला बसले ते तिच्यासाठी.

अश्विनीला तिचे वडील दत्तू पहिल्यांदा शाळेत घेऊन आले तेव्हा जून महिना होता. मी प्रभारी मुख्याध्यापक होते, म्हणजे रजिस्टर माझ्या हातात. पोरगी बापाच्या पायाला धरून उभी, नाक वाहतंय, पण डोळे माझ्या टेबलावरच्या घंटेवर. जन्माचा दाखला नव्हता. कुठून असणार? ती कर्नाटकात उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत जन्मली होती. दत्तूने बोटांवर मोजून सांगितलं, पाच पुरी व्हायची होती, माघात झाली असती. पहिलीला सहा लागतात.

"बसत नाही हो," मी म्हटलं. "अंगणवाडीत घाला."

"अंगनवाडीची लेकरं हॉस्टेलात घेत न्हाईत म्याडम. आमची आई मागच्या साली गेली. हिला ठिवू कुठं? फडात नेलं तर गेल्या खेपेला ट्रॅक्टरखाली येता येता वाचली. तुमी नाव घाला, लई उपकार होतील."

मी नाव घातलं. जन्मतारीख एक जून, साल असं की सहा पूर्ण व्हावीत. पावणेदोन वर्षं वाढवली. सगळेच मास्तर वाढवायचे, कुणी सोयीसाठी, कुणी पटाचा आकडा दाखवायला. मी लेकरू वाचवायला वाढवली आणि त्या दिवशी घरी जाताना मला बरं वाटत होतं, हे लपवत नाही. दसऱ्याला ट्रॅक्टर गेला तेव्हा अश्विनी स्वयंपाकीणबाईच्या कडेवर होती.

संघात अकरापैकी नऊ मुली अशाच एक जूनच्या. त्यातून आमची एक रीत पडली. शाळा उघडायच्या आधी एक जूनला सगळ्यांनी मैदानावर यायचं, मॅट झटकायची, रोलर फिरवायचा आणि मग सगळ्यांचा मिळून वाढदिवस करायचा. मी वडगावहून पेढे आणायची. मुली आधी मला भरवायच्या, मग मी त्यांना. पुढे ज्या मुली शाळा सोडून गेल्या त्यांचेही त्या दिवशी फोन यायचे, "मॅडम, आपला वाढदिवस." खोट्या तारखेवर इतका खरा सण मी दुसरा पाहिला नाही.

त्या तारखेचा पहिला चटका बसला तो बीडला. पंधरा वर्षांखालच्या मुलींची जिल्हा निवड होती. आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. अश्विनी खरी तेरा वर्षांची, पण तिने सीमारेषेवरून दोन वेळा थेट स्टंप उडवले, तेव्हा निवड करणारे सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. मग त्यांनी कागद मागितला. कागदावर पंधरा उलटून गेलेली.

"मॅडम, वयात बसत नाही ही."

मी म्हटलं, "दिसायला तरी बघा, सर. केवढीशी आहे."

ते म्हणाले, "दिसणं मी कुठे लिहू?"

परतीच्या गाडीत अश्विनी खिडकीपाशी बसली होती. तिने विचारलं, "मॅडम, माजं वय खरंच किती हाय?" मी म्हटलं, "झोप जरा, लांब जायचंय." तिला सगळं ठाऊक होतं, आईने सांगितलं असणार. तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

दहावीनंतर ती अकरावी-बारावीला बाजूच्या गावी जाऊ लागली, पण हंगामात राहायची आमच्याच वसतिगृहात, स्वयंपाकीणबाईला भाकऱ्या थापू लागायची आणि संध्याकाळी लहान मुलींना फेक शिकवायची. त्याच सुमाराला माझ्या मोबाईलवर एक चित्रफीत आली. पॅसिफिक महासागरातलं एक बेट, शाळेच्या नकाशात माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकलं जाईल एवढं. त्या बेटाचा बायकांचा राष्ट्रीय संघ. कुणी शेतात राबणारी, कुणी मासे विकणारी, मैदानाच्या कडेला नारळाची झाडं, गावातले लोक गवतावर बसलेले. या बायकांनी त्यांच्याहून कितीतरी मोठ्या देशाला हरवलं होतं आणि आता जगातल्या स्पर्धेच्या दारात उभ्या होत्या. आमच्या मुलींनी ती चित्रफीत इतक्यांदा पाहिली की माझ्या मोबाईलची बॅटरी दुपारीच संपायची.

"मॅडम, त्यांच्याकडंबी पव्हेलियन न्हाई," यास्मिन म्हणाली. तिला फार समाधान वाटलं.

अश्विनीचं लक्ष दुसरीकडे होतं. एक खेळाडू बाद होऊन येते, पॅड न सोडताच आपलं लेकरू मांडीवर घेते आणि पुढचा खेळ बघत बसते, एवढंच एक दृश्य ती मागे नेऊन नेऊन बघायची.

"म्हंजे लग्न झाल्यावरबी खेळतेत?"

"खेळतात की," मी म्हटलं. "का नाही खेळायचं?"

हे मी किती सहज म्हटलं! मास्तरकीच्या नोकरीत माणसाला मुलांना हो म्हणायची सवय लागते. समोरचा तो हो घरी नेऊन जपून ठेवतो, हे आपल्या लक्षात राहत नाही.

बारावी झाली त्या वर्षी अश्विनीला एकोणीस वर्षांखालच्या निवडचाचणीचं बोलावणं आलं. इथे कागदावरच्या वयाचीही अडचण नव्हती. दिवाळीनंतर बीडला चाचणी, निवडली गेली तर पुढे शिबिर. मुलींनी रोलरला झेंडूची माळ घातली. आमच्या गावातून इतकं पुढे कुणीच गेलं नव्हतं, मुलगाही नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात अश्विनीच्या आईची कंबर गेली होती. मोळी घेऊन गाडीच्या फळीवरून घसरली. डॉक्टरने वाकायचं नाही म्हणून सांगितलं. दत्तूची जोडी मोडली, तो अर्धा कोयता झाला. मुकादमाने तोड काढली. टोळीतलाच एक पोरगा होता, बिनलग्नाचा, म्हणजे तोही अर्धाच. अश्विनीचं त्याच्याशी लग्न लावायचं, पोरगा-पोरगी एक कोयता, आणि दत्तूने त्यांच्या मदतीला म्हणून टोळीत राहायचं. लग्न चाचणीच्या चार दिवस आधी, कारण त्या साली कारखाने उशिरा लागले होते आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर निघणार होते.

मी त्यांच्या घरी गेले. दत्तू उठून उभा राहिला, मला खाट दिली.

"चाचणी तरी होऊ द्या," मी म्हटलं. "चार दिवसांचा प्रश्न आहे."

"टोळी थांबत न्हाई म्याडम. आन निवड झाली तर मग काय? तुमी नेताल तिला, आमी खायाचं काय? मी काय पोरीचा दुश्मन हाय का?"

तो दुश्मन नव्हता, ते मलाही दिसत होतं. मी अश्विनीला बाहेर नेलं आणि म्हटलं, "तू नाही म्हण. मी उभी आहे तुझ्यामागे."

ती म्हणाली, "मॅडम, खेळतेत की लग्न झाल्यावरबी. तुमीच म्हनलतात."

मी तिथून आले.

यास्मिन मात्र गप्प बसली नाही. बालविवाह रोखायचा हेल्पलाईन नंबर मीच वर्गाच्या फळ्यावर वर्षभर लिहून ठेवलेला. तिने फोन केला. लग्नाच्या आदल्या दिवशी ग्रामसेवक आणि दोन पोलीस शाळेत आले. वयाचा पुरावा म्हणजे शाळेचं रजिस्टर, दुसरा कागदच नव्हता. आधारकार्डही त्याच तारखेवरून निघालेलं. दत्तू दाराशी उभा होता, हातात शाळा सोडल्याचा दाखला, खाली माझी सही. यास्मिन खिडकीबाहेर होती. मी रजिस्टर काढून ते पान उघडलं. माझंच अक्षर, निळी शाई.

ग्रामसेवक म्हणाले, "अठरा पूर्ण होऊन पाच महिने झालेत. मॅडम, तारीख बरोबर आहे ना? तुम्हीच लिहिलीय."

मला एक वाक्य बोलायचं होतं. 'ही तारीख मी खोटी लिहिली, मुलगी सोळाची आहे.' एवढंच. पुढचं मला दिसत होतं. चौकशी, निलंबन. माझी नोकरीची सहा वर्षं बाकी होती. बाकीच्या मुलींच्याही तारखा उघड्या पडल्या असत्या, संघ गेला असता, त्यांचे दाखले लटकले असते, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. पण त्या क्षणी आधी नोकरीच आठवली, संघ नंतर आठवला. हा क्रम मी कुणाला सांगितला नव्हता, आज सांगते.

मी म्हटलं, "रजिस्टरात आहे ते बरोबरच असतं."

ग्रामसेवकांनी पंचनाम्यावर सही घेतली आणि चहा घेऊन गेले. दत्तूने जाताना मला हात जोडले. खिडकीत यास्मिन नव्हती. तिने त्यानंतर ग्लोव्हज घातले नाहीत, आणि मीही तिला घाल म्हटलं नाही.

लग्न झालं. चाचणीच्या दिवशी मी बीडला जाऊन अश्विनी येऊ शकत नाही असं लिहून दिलं. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं. त्या हंगामात फडावरून तिचा एकदा फोन आला, नवऱ्याच्या मोबाईलवरून. मागे ट्रॅक्टरचा आवाज. "मॅडम, त्या बेटावरच्या बायका कुठवर आल्या?" मी सांगितलं, पुढच्या फेरीत गेल्या. "लई भारी," ती म्हणाली. दर एक जूनलाही तिचा फोन यायचा. मी तो उचलायची आणि दोन मिनिटांत काहीतरी काम काढायची.

संघ पुढेही चालला. आमच्या दोन मुली जिल्ह्याकडून खेळल्या, वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मी मधोमध उभी आहे. तो फोटो मला निरोपसमारंभात मढवून दिला.

आता शेवटचं. यंदाच्या मे महिन्यात, माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, मी कार्यालयात कपाटं आवरत होते. दारात एक बाई उभी राहिली, बोटाला धरलेली एक मुलगी. आवाज ऐकल्यावर मी ओळखलं. अश्विनी. दंड वाळलेले, चेहरा काळवंडलेला, चालताना पोटावर हात.

"बस," मी म्हटलं. "तब्येत?"

"पिशवी काढली मॅडम, सक्रांतीच्या आधी. दोन लेकरं झालती. लई दुखायचं, खाडे पडायचे. डाक्टरनं वय इचारलं, आधार दिलं." मग म्हणाली, "आता पळता येत न्हाई."

बावीस वर्षांची होती. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि माठापाशी उभी राहिले.

परत आले तेव्हा मुलगी टेबलावरच्या घंटेला हात लावून बघत होती. "हिचं नाव घालायचंय," अश्विनी म्हणाली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. सरकारी दवाखान्यातला जन्माचा दाखला, चार घड्या पडलेला. मी तारीख बघितली. मुलीला साडेचारही पूर्ण नव्हती. नेमकी आई आली होती तेवढीच.

मी दार लोटलं. रजिस्टर उघडलं, पेन काढलं. "हा दाखला ठेव पिशवीत," मी म्हटलं. "मी एक जून टाकते. हॉस्टेलात राहील. फडात नेऊ नको तिला, तुझ्या पाया पडते. मी आता जाणारच आहे, मला कोण विचारतंय?"

अश्विनीने रजिस्टरावर हात आडवा ठेवला. बोटांवर कोयत्याचे वण होते.

"नको मॅडम. खरी तारीख लिवा."

"खरी लिहिली तर नाव बसत नाही गं. दोन हंगाम तिला उसात काढावे लागतील."

"काढील. मी हाय की सोबत. पन तिला सोळाव्या वर्षी कुनी अठराची म्हनू नये."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिने कागदाच्या घड्या होत्या तशा परत घातल्या, पिशवीत ठेवल्या, मुलीचा हात घंटेवरून काढला आणि "येते मॅडम" म्हणून निघाली. दारात थांबून तिने मैदानाकडे पाहिलं. मॅट गुंडाळून ठेवली होती. रजिस्टरातली ती ओळ कोरीच राहिली.

एकतीस मेला मला शाल, नारळ आणि तो फोटो मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मोबाईल वाजत होता. जुन्या मुली, कुणी पुण्याहून, कुणी सासरहून, "मॅडम, आपला वाढदिवस." मी सगळ्यांशी बोलले. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. अश्विनीचा फोन मात्र यंदा आला नाही.